वर्ग नसलेली पानं

आमची पहिली भेट झाली तेव्हा माझं वजन भिंतीवर लाल आकड्यांत झळकत होतं.

आपल्या प्रेमकथेची सुरुवात अशी व्हावी म्हणून कुठल्याही मुलीनं देव पाण्यात घातले नसतील. पण माझी झाली खरी. नोकरीचा पहिला दिवस, हातात पुस्तकांची पिशवी, खांद्यावर डबा... दार ढकलून मी आत पाऊल टाकलं ते नेमकं एका लोखंडी चौथऱ्यावर. मला वाटलं, पायरी आहे. ती पायरी नव्हती. दुरुस्तीला आलेला पोती मोजायचा काटा होता तो, आणि त्याचे वीतभर उंचीचे आकडे समोरच्या भिंतीवर पेटले.

"हलू नका," कुणीतरी म्हणालं.

मी कशाला हलते? माझा खांबच झाला होता. काट्यामागून एक तरुण उठला. हातात स्क्रू-ड्रायव्हर, कानावर पेन्सिल, डोक्यावर टोपी. त्यानं आकड्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं, पुन्हा आकड्याकडे... आणि कानापर्यंत लाल झाला. पटकन डोक्यावरची टोपी काढून त्यानं ती आकड्यावर टांगली.

"मनावर घेऊ नका," तो म्हणाला. "याचं शून्य बघायचं राहिलंय."

"म्हणजे?"

"म्हणजे... रिकामा असतानाही हा सव्वातीन किलो दाखवतो. खोटं बोलतो."

"म्हणजे त्यातले सव्वातीन किलो माझे नाहीत?"

"नाहीत."

"नक्की?"

त्यानं खरंच विचार केला. "पिशवीत काय आहे, त्यावर आहे," तो गंभीरपणे म्हणाला.

हा माणूस माझी चेष्टा करतोय की मला धीर देतोय, ते मला त्या दिवशी कळलं नाही. पुढचे दोन महिनेही कळलं नाही. म्हणून तर ही गोष्ट एवढी लांबली.

तो तिथला मेकॅनिक. कुठल्याही काट्यावर काही ठेवण्याआधी तो त्याचं शून्य तपासायचा. स्वयंपाकघरातला असो, ट्रक मोजायचा असो. म्हणून सगळे त्याला शून्यकर म्हणत. मीही म्हणू लागले.

आता माझं काम सांगते. हे वर्कशॉप काट्यांच्या दुरुस्तीचं, मालक काका. त्यांच्याहून वयानं मोठी गिऱ्हाईकंसुद्धा त्यांना काकाच म्हणत. काकांनी काही वर्षांपूर्वी कॉम्प्युटरवर एक विकी सुरू केली होती. म्हणजे काय, तर कुणीही मेकॅनिकनं आपल्याला जे समजलं त्याचं पान लिहावं, दुसऱ्यानं ते सुधारावं, आणि कुणी केव्हा काय बदललं याची नोंद आपोआप राहावी. मंडळींनी लिहिलं भरपूर. फक्त लावलं काहीच नाही. 'मुंग्या' असं एक पान होतं. 'परत मुंग्या' असं दुसरं. 'त्या बाईंचा काटा' नावाचं एक होतं, आणि त्या बाई कोण हे लिहिणाऱ्यालाही आता आठवत नव्हतं.

"पानं अकराशे, आणि वेळेला सापडत नाही एकही," काका म्हणाले. "तू ग्रंथालयाचं शिकलीस ना? दोन महिने घे. प्रत्येक पानाला त्याचा वर्ग लाव. ही बघ यादी, 'वर्ग नसलेली पानं'. ज्या पानाला वर्ग नाही ते आपोआप इथे येऊन पडतं. ही यादी शून्यावर आली की काम पुरं केल्याचं पत्र देतो तुला. एक पान उरलं तरी नाही. मी काट्याचा धंदा करतो पोरी, माझ्याकडे 'जवळपास' चालत नाही."

मंडळींनी मला वर्गबाई म्हणायला सुरुवात केली. पहिल्याच दुपारी शून्यकरनं त्या नावाचं एक पानही करून टाकलं: 'वर्गबाई. दाराजवळच्या टेबलावर बसतात. पान हरवलं तर यांना विचारावं.' तेही अर्थातच वर्ग न लावता. स्वतःला कशात घालायचं ते मला सुचेना, म्हणून ते पान मी शेवटाला ठेवलं.

पहिल्या आठवड्यात मी झपाट्यानं वर्ग लावले. यांत्रिक, विजेचे, हवामान, कीटक. 'मुंग्या' अर्थात कीटकांत. दुसऱ्या दिवशी येऊन पाहते तर मुंग्या कीटकांतून गायब! शून्यकरनं माझा बदल मागे घेतला होता. मी पुन्हा घातल्या. त्यानं पुन्हा काढल्या. तिसऱ्यांदा मात्र माझा पारा चढला. विकीत प्रत्येक पानामागे एक चर्चेचं पान असतं, वाद तिथे घालायचे असतात. मी तिथे लिहिलं:

'मुंगी हा कीटक नाही, असं आपलं म्हणणं आहे का?'

दुपारी उत्तर आलं. तो बाहेर कामावर असला की फोनवरून लिहायचा.

'मुंगी कीटकच आहे. पण मेकॅनिक दुकानात उभा असतो आणि गिऱ्हाईक डोक्यावर बसलेलं असतं. मुंग्या काट्याच्या पोटात असतात, त्या त्याला दिसत नाहीत. त्याला एवढंच दिसतं की आकडा नाचतोय. तो मुंग्या शोधणारच नाही, वर्गबाई. तो आकडा नाचतो हे शोधेल.'

मी ते तीनदा वाचलं. राग यायला हवा होता. आला नाही... वाटलं ते वेगळंच. शाळेत आपण फळ्यावर चुकीचं लिहावं आणि एखाद्यानं न हसता हळूच खडू पुढे करावा, तसं.

आठवडाभराचं काम मी मोडून टाकलं. नवे वर्ग केले: 'आकडा नाचतो', 'आकडा सरकतो', 'शून्यावर येत नाही', 'आकडाच नाही'. माणसाला जे दिसतं तिथून सुरुवात. यादी भराभर उतरू लागली.

मुंग्यांचं चर्चेचं पान मात्र बंद झालं नाही. वाद मिटला, तरी आम्ही तिथेच बोलत राहिलो. एकदा मी 'ओलावा' हा वर्ग 'आकडा सरकतो'मध्ये घातला, आणि घाईत 'आकडा सरकतो' हा 'ओलावा'मध्ये. म्हणजे एकातून दुसऱ्यात जावं, तर तो परत पहिल्यात आणून सोडणार.

'वर्गबाई, सकाळपासून गोल गोल फिरतोय,' त्यानं लिहिलं. 'निदान मधे चहाची सोय करा.'

'चक्कर आली का?'

'आलीय. पण ती आधीपासूनच आहे. दोन महिन्यांचं काम कुणीतरी घेतलंय तेव्हापासून.'

यावर काय लिहायचं? मी लिहिलं, 'चूक दुरुस्त केली आहे.' मग अर्धा तास स्वतःवर चरफडत बसले. कुठली चूक दुरुस्त केली होती मी?

आणि गंमत म्हणजे, समोर आला की हा माणूस मुका. वर्कशॉपमध्ये आला की पोलादी वजनांची पेटी उघडून बसायचा. ती वजनं तो कधी उघड्या हातानं धरत नसे. बोटांचा घाम लागला तरी वजन बदलतं म्हणे. मऊ कापडात धरून हलकेच ठेवायचा, आणि आकडा थांबेपर्यंत श्वाससुद्धा रोखून धरायचा. मी पलीकडच्या टेबलावरून बघत बसे. त्यानं वर पाहिलं की मी स्क्रीनकडे बघे, आणि मी स्क्रीनकडे पाहिलं की... तो काय करायचा, देव जाणे. एकदा पंख्यानं माझे कागद सगळीकडे उडाले. त्यानं काही न बोलता ते गोळा केले, टेबलावर ठेवले, वर एक किलोचं जुनं वजन ठेवलं आणि निघून गेला. आता याला काय म्हणायचं? ऑफिसचं काम? शेजारधर्म? की...?

अकराशे पानांना वर्ग लावणारी मी, पण या एका माणसाला कशात घालावं ते ठरेना.

त्यातच एक पत्र आलं. इथून तीन तासांवरच्या शहरातल्या मोठ्या संग्रहालयात कायमची नोकरी. एक तारखेला हजर व्हायचं, सोबत आधीचं काम पुरं केल्याचं पत्र आणायचं. मी ज्या ताईकडे राहत होते, तिनं पत्र वाचून मला मिठीच मारली. ही नोकरी मी दोन वर्षं मागत होते.

मी ते मुंग्यांच्या चर्चेत लिहिलं. तोंडानं सांगायचा धीर झाला नाही.

'मला दुसरीकडे कायमची नोकरी मिळाली आहे. एक तारखेला जायचं. तुम्हाला काय वाटतं?'

दिवसभर काही नाही. संध्याकाळी एक शब्द आला.

'बरं.'

बस. बरं! खिडकी लावू का, बरं. चहा घेणार, बरं. तसलं बरं. मी घरी जाऊन ताईवर उगाच खेकसले.

दुसऱ्या दिवशी यादीत बत्तीस पानं उरली होती. जेवून येते तो एकोणचाळीस! शून्यकरनं सात नवी पानं लिहिली होती, वर्ग न लावता. मी जुनी सात लावली, यादी पुन्हा बत्तीसवर आणली. त्याच्या दुसऱ्या दिवशी त्यानं नऊ लिहिली. मग अकरा. मी एक घागर उपसावी, तर तो दोन ओतत होता. तारीख जवळ येत होती, यादी फुगत होती, आणि ती शून्यावर आली नाही तर पत्र नाही, पत्र नाही तर नोकरी नाही.

"हा माझ्यावर सूड उगवतोय," सकाळच्या चहाला मी ताईला म्हणाले.

ताईनं कप खाली ठेवला आणि माझ्याकडे असं पाहिलं, जसं ती लहानपणी मी बूट उलटे घातले की पाहायची.

"अगं ए शहाणे, तुझं काम संपलं की तू जाणार ना?"

"हो."

"आणि तो तुझं काम संपू देत नाहीये ना?"

"नाही ना!"

"मग? अजून चित्र काढून दाखवू?"

माझा चहा तसाच राहिला. असं असेल? पण मग ते 'बरं'? पण मग ते किलोचं वजन? मी ऑफिसात जाऊन त्याची नवी पानं पहिल्यांदाच नीट वाचली. आतापर्यंत रागारागानं नुसती मोजली होती. एक होतं, 'पंख्याखाली काटा ठेवू नये'. दुसरं, 'नवा काटा जागेवर रुळायला वेळ घेतो'. तिसऱ्यात लिहिलं होतं: 'आकडा मधेच थांबला तर घाई करू नये. हात लावू नये. वाट बघावी, तो स्वतःहून येतो.'

आता सांगा, हे काट्याबद्दल आहे की माझ्याबद्दल?

मला काही लिहून काढल्याशिवाय समजत नाही. शिकले तेच तसं. मी एक वर्ग केला, त्याला नाव दिलं 'माझ्यासाठी का?', आणि ती तीन पानं त्यात घातली. नुसतं बाजूला काढून बघायला. सगळे वर्ग दाखवणाऱ्या मुख्य तक्त्यात त्याचं नाव नव्हतं घातलं, तेव्हा कुणाला दिसायचा प्रश्नच नव्हता. असं मला वाटलं. 'पानाचा वर्ग पानाच्या तळाशी सगळ्यांना दिसतो,' हे गेले सात आठवडे मीच सगळ्या वर्कशॉपला घसा फोडून शिकवत होते. पण ते इतरांना. स्वतःला शिकवायचं राहिलं होतं.

शुक्रवारी सकाळी मी धीर केला. शून्यकर काखेत वजनांची पेटी घेऊन बाहेर पडत होता. दाराशी, त्याच पहिल्या दिवशीच्या चौथऱ्याजवळ, मी त्याला गाठलं.

"एक विचारू? रागावणार नाही ना?"

"विचारा."

"ही रोज नवी पानं... तुम्ही मुद्दाम लिहिताय ना? मला अडवायला?"

तो बघतच राहिला. "अडवायला?"

"यादी शून्यावर आली नाही तर काका पत्र देणार नाहीत. मग माझं जाणं राहील."

त्याचा चेहरा एकदम उतरला. "हे... हे मला माहीत नव्हतं. पत्राचं."

"मग का लिहिताय एवढं?"

"तुम्ही आहात तोवर लिहून घ्यावं म्हटलं. डोक्यात पंधरा वर्षांचं साठलंय. तुमच्यानंतर कोण लावणार ते नीट?"

"म्हणजे... कामासाठी?"

तो काहीतरी बोलणार होता. ओठ हललेसुद्धा. पण याला एक वाक्य बोलायला आकडा स्थिर होईपर्यंतचा वेळ लागायचा, आणि तेवढ्यात गाडीचा हॉर्न वाजला, गिऱ्हाईक खोळंबलं होतं. "मी... येतो," म्हणून तो गेला. मी तिथेच उभी. काय समजले होते आणि काय निघालं! ताईचं डोकं फोडावं की स्वतःचं, एवढंच ठरायचं होतं.

टेबलाशी येऊन बसते तो काका चष्मा कपाळावर चढवून उभे.

"वर्गबाई, एक शंका आहे. हा 'माझ्यासाठी का?' नावाचा वर्ग कशात मोडतो? यंत्र की गिऱ्हाईक?"

माझ्या पायाखालची जमीन सरकली. "तुम्ही... कुठे पाहिला?"

"पानाच्या तळाशी. तूच शिकवलंस ना." काका अगदी साळसूद चेहऱ्यानं म्हणाले. "आणि हो, मुंग्यांचं ते चर्चेचं पान जरा लांबलंय. आम्ही सगळे वाचतो रोज चहाबरोबर. ओलावा आणि चक्कर हे तर फारच छान जमलं होतं."

धरणी पोटात घेईल तर बरं, असं म्हणतात ते काय असतं हे मला त्या क्षणी समजलं. चर्चेचं पान सगळ्यांना उघडं असतं. दोन महिने मी सगळ्या वर्कशॉपच्या पुढ्यात लाजत होते!

काका गेले. मी तापलेल्या कानांनिशी स्क्रीनकडे वळले. वर्ग मिटवायचा तर त्यातलं एकेक पान उघडून तळाचं नाव खोडावं लागतं. तीनच पानं आहेत, दोन मिनिटांचं काम. मी वर्ग उघडला.

चार पानं होती.

मी डोळे चोळले. चौथं पान मी घातलं नव्हतं. पान पुन्हा उघडलं... पाच. मी अलीकडच्या बदलांची नोंद काढली. तिथे प्रत्येक बदलापुढे, तो का केला हे एका ओळीत लिहायची जागा असते. वर्कशॉपमधले बाकीचे ती रिकामी सोडतात.

शून्यकर, आत्ताच. 'पंख्याखाली काटा ठेवू नये. हो, तुमच्यासाठी. कागद उडाले त्या दिवशी सुचलं.' या पानात वर्ग मीच घातला होता. त्यानं नुसतं उत्तर द्यायला ते उघडलं होतं.

शून्यकर, एक मिनिटापूर्वी. 'वजन कापडात का धरावं. हेही. तुम्ही बघत होतात म्हणून एकच वजन दोनदा ठेवलं, ते लिहिलं नाही.'

शून्यकर, दोन मिनिटांपूर्वी. 'काटा दाराजवळ ठेवू नये, माणसं पायरी समजतात. हे तर कुणासाठी, सांगायला नको.'

मी हसले, आणि डोळ्यांत पाणीही आलं. दोन्ही एकदम. बोटानं नोंद ताजी करत राहिले. सहा... नऊ... चौदा. कुठल्या तरी दुकानात, कुणाचा तरी काटा उघडा टाकून हा माणूस फोनवर एकेक पान उघडत होता आणि त्याच्या तळाशी माझ्या प्रश्नाचं उत्तर लिहीत होता. एका ओळीत होतं, 'हे फक्त काट्याबद्दल आहे, पण लिहिताना तुमची आठवण होती, चालेल ना?' आणि स्क्रीनवर दुसरी खिडकी उघडून पाहिली तर तिथे यादी उतरत होती. वर्ग लागला की पान यादीतून जातं, मग वर्गाचं नाव काही का असेना. तीस. बावीस. नऊ. तासाभरात तो माझी नोकरी मला परत देत होता... आणि नेमकं तेव्हाच मला ती नको झाली होती.

तीन. दोन. एक.

एकावर यादी थांबली. उरलेलं पान होतं 'वर्गबाई'. त्यात त्यानं वर्ग घातला नव्हता, नुसतं बदलाच्या ओळीत लिहिलं होतं: 'हे मी लावणार नाही. हे तुमचं तुम्ही ठरवा.'

दुपारी तो आला. धावत आला असावा, श्वास लागला होता. दाराशी थांबला. मी उठून गेले. वर्कशॉपमध्ये एकाएकी एवढी शांतता झाली की सगळे किती मनापासून काम करत होते ते कळत होतं.

"ते सगळं खरं?" मी विचारलं.

"मी खोटा आकडा लिहीत नाही."

"मग त्या दिवशी 'बरं' का म्हणालात? मी विचारलं होतं तुम्हाला. तुम्हाला काय वाटतं म्हणून विचारलं होतं. एवढं रडू आलं होतं मला..."

त्यानं खाली पाहिलं. टोपी हातात गोल गोल फिरत होती.

"तुम्ही दोन वर्षं ती नोकरी मागत होतात, काका म्हणाले. तुम्ही ठरवत होतात, जायचं की नाही. अशा वेळी मी काही बोलणं म्हणजे..." तो थांबला. मी वाट बघितली, हात लावला नाही. आकडा स्वतःहून आला. "काट्यावर बोट ठेवून वजन करण्यासारखं झालं असतं ते. आयुष्यभर मी दुसऱ्यांची बोटं काट्यावरून काढतोय. आपणच कसं ठेवायचं?"

मी त्याच्याकडे बघत राहिले. दोन महिने या माणसाला मी घुम्या म्हणत होते, कोरडा म्हणत होते, परवा तर बैल म्हणाले होते. मनातल्या मनात.

"एकदा ठेवा," मी म्हणाले.

"काय?"

"बोट. एकदाच ठेवून बघा ना. मला बघायचंय किती जड आहे ते."

तो पुन्हा कानापर्यंत लाल झाला. इकडेतिकडे पाहिलं. मग माझ्याकडे पाहून, अगदी हळू, म्हणाला, "मग... जाऊ नका."

त्या दोन शब्दांनी काय झालं ते मला सांगता येणार नाही. असं हलकं वाटलं की विचारू नका.

"जाणार आहे," मी म्हणाले.

"हं?"

"जाणार तर आहेच. पण हे ऐकल्याशिवाय जायचं नव्हतं. तीन तासांचं तर अंतर आहे. तुम्हाला रविवारी सुट्टी असते ना?"

"असते... म्हणजे, आहे. कधीपासून यायचं?"

"एक तारीख सोमवारी आहे. पहिल्या रविवारी या. आणि येताना फोनवर नका लिहू. तोंडानं बोला. उशीर लागला तरी चालेल, मी थांबेन."

"वर्गबाई," आतून काकांचा आवाज आला, "यादीत अजून एक पान आहे हो! जवळपास चालत नाही माझ्याकडे!"

कुणीतरी खोकण्याच्या निमित्तानं हसलं. मी आत जाऊन 'वर्गबाई' उघडलं.

"कशात घालू?" मी मागे उभ्या असलेल्या शून्यकरला विचारलं. "'माझ्यासाठी का?'मध्ये?"

"त्यात सापडणार नाही. शोधणाऱ्याला आधी काय दिसतं, ते बघा."

मी थोडा विचार केला आणि तळाशी लिहिलं: आकडा नाचतो. यादी रिकामी झाली. काकांनी पत्रावर सही केली, तारीख घातली, आणि मुंग्यांचं चर्चेचं पान कृपया बंद करू नये, अशी मंडळींतर्फे विनंती केली.

संध्याकाळी निघताना पिशवी पुस्तकांनी गच्च भरली होती. दाराशी आले. तो चौथरा अजून तिथेच, दुरुस्त होऊन न्यायला यायची वाट बघत. या वेळी मी बघून, मुद्दाम, त्यावर उभी राहिले. भिंतीवरचे आकडे पेटले.

"याचं शून्य बघितलंत का?"

"सकाळीच. आता खरं बोलतो."

"अरे देवा. मग सांगू नका."

तो हसला, माझ्या हातातली पिशवी घेतली, आणि पिशवीसकट चौथऱ्यावर माझ्या शेजारी येऊन उभा राहिला. आमची कोपरं लागली. लाल आकडा वर गेला, खाली आला, पुन्हा वर... काही केल्या थांबेना.

"हलू नका," तो म्हणाला.

"मी नाही, तुम्ही हलताय."

रस्त्यावरून जाणारी माणसं आत डोकावून बघत होती. आमचं दोघांचं वजन भिंतीवर सगळ्यांना दिसत होतं, आणि त्याची टोपी त्याच्या डोक्यावरच राहिली.